सुनेची बिस्किटं, माझे बोंबील

आमच्या घरात कुणाला शाब्बास म्हणायची पद्धत नव्हती. चांगल्याला चांगलं म्हटलं की त्याला दृष्ट लागते, हे मी लहानपणापासून ऐकत आले. म्हशीनं चरवी भरून दूध दिलं की माझी सासू चरवीवर फडकं टाकायची आणि शेजारणीला सांगायची, "कशाचं काय, आटत चाललीय." गुटगुटीत पोराला वाळलंय म्हणायचं. सून कामाची निघाली तर तिच्यातलं एखादं वाकडं शोधून तेवढंच चारचौघांत बोलायचं. मी या घरात आले तेव्हापासून भाकरी थापल्या, खुरपलं, धारा काढल्या. नवरा जेवून गप उठला की समजायचं, जेवण बरं झालं. मीठ जास्त पडलं तरच आवाज यायचा. मला त्यात काही कमी वाटत नव्हतं. कमी वाटायला आधी ते दुसऱ्याला मिळताना बघावं लागतं. ते मी सून आल्यावर बघितलं, आणि पहिल्यांदा बघितलं ते कुत्र्याला मिळताना.

कुत्रं आमच्याकडं म्हशीबरोबर आलं. मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, बेल्ह्याच्या बाजारातून म्हैस आणली. आमची वस्ती निरगुडसरच्या शिवारात, कॅनॉलच्या खालच्या अंगाला. टेम्पो दारात आला, म्हैस उतरवली, आणि तिच्या पायाखालच्या पाचटातून एक तांबडं पिल्लू बाहेर आलं.

टेम्पोवाला म्हणाला, "ह्ये माझं न्हाई."

मालक म्हणाले, "म्या बी घेतलेलं न्हाई."

दोघं एकमेकांच्या तोंडाकडं बघत राहिले, तोवर पिल्लू माझ्या पायावर मुतलं. मग राहिलं ते आमच्याकडंच.

ते मी वाढवलं. ताक-भाकरी घातली, अंगावरची गोचिडं काढली. त्याला नाव नव्हतं, कुत्रं म्हणत होतो. कुत्र्याला जे कळायला पाहिजे ते मी काठीनं शिकवलं. ओट्यावर चढायचं नाही, चुलीपाशी यायचं नाही, कोंबडीमागं लागायचं नाही. अंडी खायची खोड मात्र जाईना. मग मी हातात भाकरीचा तुकडा धरून "यू यू यू" करायची. ते शेपूट हलवत जवळ आलं की मानगूट धरून खेटर हाणायची. वस्तीवर सगळे असंच करतात. कुत्रं लांब उभं असलं तर त्याला मारणार कसं? बोलवावंच लागतं. पुढं पुढं मी हाक मारली की ते पोटावर सरपटत यायचं, कान पाडून, जमिनीला घासत. मला ती शिस्त वाटायची.

लेकाचं लग्न झालं तेव्हा वस्तीवर नुकतेच फोन आले होते. सून जुन्नरची, बापाचं तिथं दुकान, बारावी झालेली. रंगानं सावळी, बोलायला गोड. लग्नाला आठवडा झाला नसेल, मी दारात ज्वारी चाळत होते आणि ती पायरीवर चहा घेऊन बसली होती. कुत्रं समोर उभं. तिनं बिस्कीट मोडलं आणि हात वर धरला.

"बस. खाली बस. बस बघू."

कुत्रं तिच्या हाताकडं बघत होतं. बघता बघता मान वर गेली आणि ढुंगण खाली टेकलं.

"शाब्बास! किती गं गुणाचं माझं बाळ!" आणि बिस्कीट त्याच्या तोंडात.

बाळ! त्या बाळाच्या कानावर गोमाश्या बसल्या होत्या. मी म्हणाले, "अगं, नुस्तं बसल्याबद्दल बिस्कीट? बसायला काय लागतंय? म्या बी सकाळधरनं बसलीय."

सून हसली. उरलेलं अर्धं बिस्कीट माझ्यापुढं धरून म्हणाली, "मग घ्या की आत्या."

मालक आत होते, त्यांनी ऐकलं. पोट धरून हसले. मी चाळण आपटली आणि गोठ्यात गेले.

महिन्याभरात कुत्रं बस म्हटलं की बसायला लागलं, थांब म्हटलं की थांबायला लागलं, पुढचा पाय उचलून हातात द्यायला लागलं. सुनेनं त्याला एक नाव ठेवलं, इंग्रजी. ते माझ्या तोंडातून कधी निघालं नाही. वस्तीवरची माणसं संध्याकाळी मुद्दाम यायची. "सूनबाई, दाव की तुजं कुत्रं," म्हणायची. तुजं कुत्रं. ती हात पुढं करायची, ते पाय द्यायचं, माणसं खदाखदा हसायची. मालक स्टँडवरून येताना बिस्किटाचा पुडा आणायला लागले. माझ्यासाठी त्यांनी कधी बांगडीसुद्धा स्वतःहून आणली नव्हती.

अंडी खायची खोडही तिनं घालवली. खुराड्याजवळून ते सरळ निघून आलं की लगेच बिस्कीट आणि शाब्बास. मी एवढी खेटरं झिजवली, आणि ही पोरगी पायरीवरून न उठता ते करून बसली. कोंबड्यांची अंडी घरात यायला लागली तर मला आनंद व्हायला पाहिजे होता. मला झाला नाही. मी अंडी मोजून घ्यायची आणि मनात म्हणायची, उद्या तरी एखादं फुटलेलं सापडू दे.

मी तिला बजावलं, "सारखं शाब्बास शाब्बास करू नको. दृष्ट लागंल."

"कुत्र्याला कसली दृष्ट, आत्या?"

"कुत्र्याला, म्हशीला, मिरचीच्या झाडाला, समद्यांस्नी लागती."

"मग मी अजून जोरात म्हणते, लागते का बघू," म्हणाली आणि कुत्र्याच्या कानापाशी जाऊन ओरडली, "शाब्बास!" कुत्रं गोल गोल फिरायला लागलं. मी चुलीपुढं बसले. माझ्या अंगाचा नुसता जाळ झाला होता.

तिनं कुत्र्यावरच थांबायचं होतं. पण तिची ती सवयच होती. मालकांनी एकदा गोठा झाडला, तोही मी अंगात ताप घेऊन पडले होते म्हणून. ही गेली आणि म्हणाली, "मामा, किती लख्ख झाडलात! आमच्या दुकानाची फरशीपण एवढी स्वच्छ नसते." दुसऱ्या दिवशी मालक कुणी न सांगता खराटा घेऊन गोठ्यात. तिसऱ्या दिवशीही. लेक हौदावरून पाणी आणायला लागला, कारण तो एकदा कळशी घेऊन आला तेव्हा ही म्हणाली होती, "बाई, केवढी ताकद!" कुत्र्याला बिस्कीट, सासऱ्याला वेलदोड्याचा चहा, नवऱ्याला काय ते तिचं तिला माहीत. शिकवणी सगळ्यांना एकच. आणि सगळे शेपूट हलवत होते.

एका संध्याकाळी चहा पिता पिता मालक म्हणाले, "पोरी, चहा झकास झालाय हां."

मी भाकरी थापत होते. हात तसाच राहिला. या माणसाला मी लग्नापासून चहा देतेय. त्याच्या तोंडात हा शब्द आहे हे मला त्या दिवशी कळलं. मी विचारलं, "आन् माजा कसा असायचा वो?"

"तुजा?" त्यांनी जरा आठवून बघितलं. "तुजा काय, चाच असायचा."

तिनं माझ्यावरही करून बघितलं. "आत्या, तुमच्या हातच्या भाकरीसारखी भाकरी मी कुठं खाल्ली नाही." मी म्हणाले, "मग खा की गप." पण त्या दिवशी मी दोन भाकरी जास्त टाकल्या. नंतर ते माझ्या लक्षात आलं, तेव्हा दुसऱ्या दिवशी मुद्दाम कमी टाकल्या. मालक अर्धपोटी उठले.

कुत्रं पहिल्यापासून गोठ्याच्या दारात झोपायचं, कारण मी पहाटे धारेला तिथं यायची. ते आता सुनेच्या खोलीच्या उंबऱ्याला झोपायला लागलं. मी धारेला गेले तर मान उचलून बघायचं आणि परत खाली ठेवायचं. मी एकटीच म्हशीपाशी बसायची. कुत्र्यासाठी डोळ्यांत पाणी आणणाऱ्यातली मी नाही. पण माझ्या ताकावर वाढलेलं जनावर मला असं ओळख न दाखवता मान खाली ठेवतं, हे मला फार लागलं.

त्या साली आमच्या भागात वाघाचा त्रास वाढला. बिबट्याच तो, पण आम्ही वाघच म्हणतो. आधी ते तिकडं घाटघरच्या बाजूला, डोंगरात असायचे. कॅनॉलला पाणी आलं, ऊस वाढला, आणि ते उसात राहायला आले. त्यांना कुत्रं फार आवडतं. शेजारच्या वस्तीवरचं कुत्रं दारात साखळीला बांधलेलं होतं, ते पट्टा तुटेपर्यंत ओढून नेलं. तेव्हापासून ठरलं की दिवेलागणीला कुत्रं पडवीत घ्यायचं आणि दार लावायचं. सून ओट्यावरून एक हाक मारायची, ते उसाच्या कडेला असो की कॅनॉलवर असो, बाण सुटल्यासारखं यायचं. हाक मारायचं काम आपोआपच तिचं झालं.

मग तिला दिवस गेले. सातव्या महिन्यात ओटी भरली आणि तिचा बाप जीप घेऊन न्यायला आला. पहिलं बाळंतपण माहेरी, त्याला कुणी ना म्हणत नाही. जाताना ती माझ्या पाया पडली आणि म्हणाली, "आत्या, त्याला अंधारायच्या आत पडवीत घ्या हं. डब्यात बिस्किटं ठेवलीत."

मी म्हणाले, "मला शिकवू नको. म्याच वाढवलंय त्येला."

मला बरं वाटत होतं, खोटं कशाला सांगू. आता घर माझं, चहा माझा, कुत्रं माझं.

कुत्रं जीपमागं पळालं. कॅनॉलच्या पुलापर्यंत गेलं, तिथं दमलं आणि रस्त्यात बसलं. संध्याकाळी मी ओट्यावर आले. "यू यू यू." त्यानं मान वळवून बघितलं आणि परत रस्त्याकडं बघायला लागलं. मी डबा वाजवला, बिस्कीट हातात धरलं. ते उठलं, चार पावलं आलं, माझ्या हाताकडं बघितलं, माझ्या पायातल्या चपलेकडं बघितलं, आणि जमिनीला पोट लावून तिथंच बसलं. मी काठी घेऊन गेले तसं ते उसात शिरलं. अंधार पडल्यावर कधीतरी आपणहून आलं.

दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही. मालक हाका मारून दमले. दिवसा बांधून बघितलं तर ते अन्नाला तोंड लावेना, दोरी कुरतडायचं. सोडलं की पूल. रस्त्यानं जीप गेली की उभं राहायचं, जीप पुढं गेली की बसायचं.

मालक म्हणाले, "सुनंला फोन लाव. काय करायचं इचार."

"म्या न्हाई लावायची."

"का?"

"कुत्रं माजं हाय. माज्याच कुत्र्याला कसं बोलवायचं ह्ये म्या तिला इचारू?"

"आगं, वाघ न्हेईल त्येला. मग माजं माजं करत बस."

त्यांनीच फोन लावला आणि माझ्या कानाला दिला. सून म्हणाली, "आत्या, राग मानू नका. तुम्ही त्याला बोलावून मारायचात. त्याला वाटतं, हाक आली म्हणजे मार आला. आला की मारायचं नाही, धरायचं नाही, रागवायचं नाही. नुसतं शाब्बास म्हणा. मनापासून म्हणा."

"मनापासनं म्हंजी कसं?"

"आवाज बारीक काढा जरा." आणि वर म्हणते, "नाहीतर मी येऊ का दोन दिवस?"

पोट एवढं मोठं, आणि कुत्र्याला हाक मारायला ही जुन्नरवरून येणार. मग वस्तीवर काय पत राहिली असती माझी? मी फोन खाली ठेवला.

बिस्किटं मी वापरणार नव्हते. ती तिची होती, तिच्या डब्यातली. बाजाराच्या दिवशी मी सुके बोंबील आणले, मुंडकी मोडून चुलीत भाजली आणि लुगड्याच्या ओच्यात बांधली. त्या वासानं मेलेलं कुत्रंसुद्धा उठून बसेल. मालक म्हणाले, "देवळात जाताना तरी सोड ते." मी सोडलं नाही.

पहिल्या दिवशी पुलाच्या अलीकडं जाऊन बसले. चपला घरी ठेवल्या. हाक मारली नाही. एक मुंडकं त्याच्या बाजूला टाकलं आणि तोंड फिरवून बसले. त्यानं ते खाल्लं, मला आवाज आला. दुसरं जरा अलीकडं टाकलं. तेही खाल्लं. तिसऱ्याला ते माझ्या हातभर अंतरावर आलं. आता शाब्बास म्हणायचं होतं. शब्द तोंडात आला आणि अडकला. सबंध आयुष्यात मी तो कुणाला म्हटला नव्हता. पोटच्या पोराला नाही. शेवटी काढला जोर लावून, "शाब्बास!" तो असा निघाला की कुत्रं दचकून मागं सरलं.

मग मी सुनेसारखा आवाज काढला, बारीक, लाडीक. "शाब्बास गं माझं बाळ!" नेमका त्याच वेळी शेजारच्या वस्तीवरचा एकजण मोटरसायकलवरून दूध घेऊन चालला होता. त्यानं गाडी थांबवली.

"काय मावशी, तमाशात घेतलं का काय तुमास्नी?"

"तू जा तुज्या वाटंनं. दूध नासंल."

"न्हाई, आवाज लई ग्वाड निघाला म्हनून म्हनलं."

तो हसत गेला.  मला लाज वाटली, आणि त्याहून भीती वाटली. उघड्यावर, तिन्हीसांजेला, पुलाच्या तोंडाशी मी माझ्याच जनावराला चांगलं म्हटलं होतं. आणि वाघ पलीकडं उसात. दृष्ट लागायला याच्यापेक्षा चांगली जागा आणि वेळ कुठली? मी घाईघाईनं कुत्र्याच्या बाजूला दोनदा थुंकल्यासारखं केलं. "थू, थू." बायका पोरावरून करतात तसं. मग बोंबलाचं मुंडकं पुढं केलं. त्यानं हातातून घेतलं.

तेव्हापासून रोजचं तसंच ठरलं. आधी शाब्बास, लगेच थू थू, आणि मग बोंबील. शाब्बास म्हणायला लागतंय तर म्हणेन, पण उतारा केल्याशिवाय सोडणार नाही, असा माझा हिशोब. चार दिवसांनी ते पुलावरून माझ्याबरोबर घरापर्यंत यायला लागलं. पुढं मी ओट्यावरून हाक मारली की यायचं, पण सरपटत नाही, चारी पायांवर. एक गंमत माझ्या ध्यानात आली. शाब्बास म्हटलं की ते नुसतं बघायचं. थू थू केलं की नाचायचं. बोंबील थू थूच्या मागून येतो हे त्यानं हेरलं होतं.

एका संध्याकाळी ते पुलाजवळच्या बांधावर उंदीर उकरत होतं. म्हैस एकदम फुरफुरली आणि दाव्याला हिसके द्यायला लागली. उसातून तित्तर उडाले. पलीकडून कुणीतरी डबा बडवत ओरडलं, "वाघ हाय, वाघ हाय! पोरंसोरं आत घ्या!" मालक आतून म्हणाले, "तू बाहेर जाऊ नको." मी ओट्याच्या कडेला उभी राहिले. हाक मारली तर कुत्र्याची मान वर झाली, पण नाक उसाकडं. त्याच्या अंगावरचे केस उभे राहिले. ते भुंकलं आणि उसाच्या दिशेनं दोन पावलं गेलं. वाघाला तेवढंच पाहिजे असतं.

मी शाब्बास म्हटलंच नाही. काय केलं होतं त्यानं शाब्बास म्हणण्यासारखं? मी नुसती घसा फाटेपर्यंत ओरडले, "थूऽ! थूऽ!" ते जागच्या जागी वळलं आणि असं पळत आलं की ओट्याच्या पायरीवर घसरून माझ्या पायात येऊन पडलं. मी त्याला पडवीत ढकललं आणि दार लावलं. ओच्यातले सगळे बोंबील त्याच्यापुढं टाकले.  मालक म्हणाले, "थुकून बोलावलेलं कुत्रं म्या पयल्यांदा बघितलं." सकाळी बांधाजवळच्या ओल्या मातीत पंजे दिसले. मी ते सुनेला फोनवर सांगितलं नाही.

सून परत आली तेव्हा नातू तीन महिन्यांचा होता. जीप दारात थांबली, कुत्र्यानं तिला वासानं ओळखलं. जे नाचलं, जे ओरडलं, अंगावर उड्या काय, जमिनीवर लोळणं काय. ती बाळ सावरत हसत होती, रडतही होती. "विसरला नाहीस रे मला! शाब्बास!" मी भाकरतुकडा ओवाळून टाकला, बाळाचं तोंड बघितलं, वाळलंय म्हणाले आणि आत गेले.  एवढे महिने मी लोकांच्या देखत तमाशा केला, बोंबलाचा वास अंगाला लावून घेतला, आणि ही आली की झालं. परत पडवी तिची, हाक तिची.

दिवेलागणीला मी म्हशीखाली बसले होते. गोठ्याच्या पत्र्याच्या फटीतून ओटा दिसतो. सून बाळाला काखेत घेऊन ओट्यावर आली आणि तिनं त्या तिच्या नावानं हाक मारली. कुत्रं कॅनॉलकडून आलं, तिच्यापुढं बसलं. मी धार थांबवली.

"शाब्बास!" ती म्हणाली आणि बिस्कीट दिलं.

कुत्र्यानं बिस्कीट तोंडात धरलं. खाल्लं नाही. तसंच तोंडात धरून तिच्याकडं बघत बसलं.

"खा की. काय झालं? शाब्बास म्हटलं ना?"

ते बघतच राहिलं. मग मान वळवून गोठ्याकडं बघायला लागलं. मला कळलं, ते कशाची वाट बघत होतं. मी गप बसू शकले असते. ती माहेरावरून दमून आलेली, पहिलाच दिवस, हौसेनं हाक मारलेली. दुसरी एखादी बाई गप बसली असती.

मी चरवीवर फडकं टाकलं आणि जरा मोठ्यानंच म्हणाले, "थू, थू."

बिस्कीट तिथंच पडलं. कुत्रं ओट्यावरून उडी मारून सरळ गोठ्यात, माझ्या गुडघ्याला नाक लावून उभं. मी ओचा सोडला.

सून गोठ्याच्या दारात आली. बाळ रडत होतं, तिचं लक्ष नव्हतं. "आत्या, हे काय शिकवलंत त्याला?"

"काय न्हाई. दृष्ट काढली त्येची."

"बिस्कीट टाकून आला तो माझं!"

"बाळ रडतंय तुजं," मी म्हणाले. "आधी त्येला घे."

तिचा चेहरा उतरला. तो चेहरा मी ओळखला. वर्षभर मी तोच घेऊन या घरात फिरत होते. मला तिची दया यायला पाहिजे होती, तेवढी आली नाही.

पुढं आठवडाभरानं मी शेतातून येत होते. ही परसात उभी होती, इकडं तिकडं बघत, आजूबाजूला कुणी नाही असं वाटून कुत्र्यापुढं वाकली होती. आणि बारीक, लाडीक आवाजात म्हणत होती, "थू थू. ये ना. थू थू." कुत्र्यानं तिच्या हाताचा वास घेतला, पदराचा वास घेतला, आणि माझी चाहूल लागली तसं माझ्याकडं चालत आलं.

"आत्या, तुम्ही त्याला नक्की घालता काय हो?"

"ताक-भाकरी," मी म्हणाले, आणि ओचा नीट खोवून आत गेले.